डूलॅलीचा ताप आणि जंगलाचा कायदा

इंग्रजी बोलीत 'डूलॅली' असा एक शब्द आहे. एखाद्याचं डोकं फिरलं, तो भ्रमिष्टासारखा वागू लागला की इंग्लंडातला साधा माणूस म्हणतो, 'तो डूलॅली झालाय.' म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की हा शब्द म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेल्या गोऱ्या शिपायांना ठिकठिकाणाहून इथं आणलं जाई. इथून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून जहाजाने घर. पण फौजेची जहाजं फक्त थंडीच्या मोसमात सुटत. ज्याची मुदत शेवटचं जहाज निघून गेल्यावर संपली, त्याला पुढच्या मोसमापर्यंत छावणीतच पडून राहावं लागे. हाताला काम नाही, समोर लढाई नाही. वर ऊन, आजूबाजूला डास आणि हाताशी स्वस्त दारू. काही जण हिवतापाने आजारी पडत, काही तुरुंगात जात, काहींचा तोल सुटे. अशा शिपायाला 'डूलॅली टॅप' झालाय असं म्हणत. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींत या आजाराची हकीकत दिली आहे. पुढे 'टॅप' गळून पडला आणि नुसती 'डूलॅली' उरली. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो. गोऱ्या शिपायाने तो ताप गावाच्या नावासकट मायदेशी नेला.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. देवळालीच्या लोकांना वेड लागलं नव्हतं. वेड लागलं ते बाहेरून आणून बसवलेल्या शिपायांना, आणि तेही त्यांच्याच सरकारच्या वेळापत्रकामुळे. नाव मात्र बदनाम झालं गावाचं.

इंग्रजांना हसण्याआधी आपल्याच मराठीकडे पाहू. महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी कचेरीत 'नीट काम कर, नाहीतर गडचिरोलीला पाठवीन' ही धमकी सगळ्यांना कळते. गडचिरोलीची बदली म्हणजे 'काळ्या पाण्याची शिक्षा'. त्यातही भामरागड म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी येते. जिल्हा अस्तित्वात आला २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूरचे दोन भाग होऊन. एवढ्या थोड्या वर्षांत त्याचं नाव शिक्षेचा समानार्थी शब्द होऊन बसलं. तिथं जन्मलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटत असेल? त्याचं घर म्हणजे दुसऱ्याची शिक्षा!

कामानिमित्त माझं भामरागडला अधूनमधून जाणं होतं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या जिथं भेटतात तिथं हा तालुका आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो आणि गावं दिवसेंदिवस तुटून राहतात. इथं माडिया राहतात. आलापल्लीहून तिकडे जाताना मला नेहमी शब्दांचा प्रश्न पडतो. कोणता शब्द कुठून आला, यापेक्षा तो कुणी कुणाला दिला आणि दिल्यावर त्या माणसाचं काय झालं, हा प्रश्न. हा लेख त्याविषयी आहे.

छावणीतून विलायतेला

आधी थोडी गंमत. इंग्रजी बोलीत असे कितीतरी शब्द आहेत जे आपल्याकडच्या छावण्यांतून आणि बाजारांतून गेले. 'डेको' म्हणजे एक नजर टाकणं, हे आपलं 'देखो'. 'पक्का' म्हणजे अस्सल. 'चिट' म्हणजे चिठ्ठी. 'कुशी' म्हणजे आरामाची, बिनकष्टाची नोकरी. त्याच्या मुळाशी फारसीतला 'खुश' आहे. 'बकशी' म्हणजे फुकटात मिळालेलं, म्हणजेच आपली बक्षिसी. 'लूट' तर इतकी रुळली की ती आता परकी वाटतच नाही. ज्या कंपनी सरकारने हा शब्द उचलला, त्याला तो उचलायला संधी भरपूर मिळाली होती, एवढंच म्हणतो.

'खाकी'चं मूळ फारसी 'खाक', म्हणजे धूळ. १८४६ साली पेशावरकडे उभ्या राहिलेल्या 'गाइड्स' पलटणीने धुळीच्या रंगाचे कपडे घातले आणि पुढे तो रंग जगभरच्या फौजांचा झाला. भामरागडच्या माणसाने सरकार पहिल्यांदा पाहिलं ते याच रंगात, वनरक्षकाच्या नाहीतर पोलिसाच्या अंगावर.

'मुफ्ती'ची कथा आपल्या वाचकांना आवडेल. मुफ्ती म्हणजे शरियतच्या प्रश्नावर फतवा देणारा आलिम. इंग्रजीत मात्र 'मुफ्तीत असणं' म्हणजे गणवेश उतरवून साध्या कपड्यांत असणं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फौजेत हा शब्द वापरात आहे. गोरे अधिकारी फावल्या वेळी सैल झगा, सपाता आणि गोंड्याची टोपी घालत. नाटकातल्या मुफ्तीचा वेश तसाच असे, त्यावरून हे नाव पडलं, असं सांगतात. आलिम बिचारा बाजूला राहिला आणि त्याचं नाव सुट्टीच्या कपड्यांना चिकटलं.

आणि 'ब्लायटी'. अरबी 'विलायत' म्हणजे सत्ता, अंमल, प्रांत. उर्दूत विलायत म्हणजे परमुलूख, आणि तिथून आलेलं ते विलायती. मराठीत आजही विलायती चिंच आणि विलायती बाभूळ आहे. गोऱ्या शिपायाने आपल्या तोंडून ऐकलं की तो स्वतः 'विलायती' आहे. त्याने त्याचं 'ब्लायटी' केलं आणि अर्थ घेतला आपलं घर, आपलं इंग्लंड. पहिल्या महायुद्धात खंदकातले शिपाई 'ब्लायटी जखम' मिळावी म्हणून दुवा मागत. जीव जाणार नाही पण घरी पाठवतील, अशी जखम. ज्या शब्दाचा अर्थ परदेश, तोच घराच्या ओढीचा शब्द झाला.

इथं एक सावधगिरी. शब्दांच्या गोष्टी जितक्या गोड, तितक्या तपासून घ्याव्यात. 'पॉश' हा शब्द 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यांच्या आद्याक्षरांतून झाला, हिंदुस्थानला येणाऱ्या श्रीमंतांच्या जहाजाच्या तिकिटावर तो छापलेला असे, असं मोबाईलवर फिरत असतं. असं तिकीट आजवर एकही सापडलेलं नाही. गोष्ट छान आहे, पण पुराव्याशिवाय ती गोष्टच.

या हसन, या हुसेन

या साऱ्या शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध कोश १८८६ साली लंडनला निघाला. हेन्री यूल हा फौजेतला इंजिनिअर आणि आर्थर बर्नेल हा मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी, या दोघांनी तो अनेक वर्षं खपून रचला. बर्नेल कोश निघण्याआधीच १८८२ मध्ये वारला. १९०३ मध्ये विल्यम क्रुक याने त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. इंग्रजीत गेलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा अभ्यास आजही या कोशाशिवाय होत नाही. त्याचं नाव आहे 'हॉब्सन-जॉब्सन'.

हे हॉब्सन-जॉब्सन कोण? कुणीच नाही. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत 'या हसन! या हुसेन!' असा आक्रोश चालतो. गोऱ्या शिपायाच्या कानाला तो आधी 'होसीन-गोसीन' ऐकू आला, मग 'हॉसी-गॉसी', आणि शेवटी 'हॉब्सन-जॉब्सन'. ही तर त्याच्या गावातल्या शेजाऱ्यांची आडनावं. शिपायांच्या बोलीत मोहरमलाच हे नाव पडलं. यूलने हे नाव मुद्दाम निवडलं, कारण परका शब्द आपल्या कानाच्या साच्यात कसा ओतला जातो याचं त्याला ते उत्तम उदाहरण वाटलं. पुढे भाषाशास्त्रात या प्रकारालाच 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' म्हणू लागले.

नियम म्हणून तो ठीकच आहे. पण करबलाच्या मैदानात तहानेने व्याकूळ झालेल्या नबींच्या नातवाचं नाव, ज्याच्या आठवणीने शिया-सुन्नीच नाही तर महाराष्ट्रातल्या गावोगावचे हिंदूही ताबूत आणि पंजे बसवत आले, ते एका जाडजूड ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर विनोद होऊन छापलं गेलं. कोशकर्त्यांच्या मनात द्वेष होता असं मी म्हणत नाही, ते विद्वान होते. शिपायानेही मुद्दाम टिंगल केली नसेल, त्याला जसं ऐकू आलं तसं तो बोलला. पण ज्याने चुकीचं ऐकलं त्याच्याच हातात लेखणी आणि छापखाना होता. म्हणून त्याचं ऐकणं टिकलं आणि ज्याचा आक्रोश होता त्याचा उच्चार तळटीप झाला.

शब्द बिघडवणं हा काही इंग्रजांचा मक्ता नाही. जिवंत भाषा सगळ्याच असं करतात. अरबी-फारसीत 'इफरात-तफरीत' म्हणजे अतिरेक आणि उणीव, कमीजास्त. मराठीने त्याची 'अफरातफर' केली आणि तो पैसे खाण्याला लावला. 'खलवत' म्हणजे एकांत, सूफींच्या साधनेतला मोठा शब्द. मराठीत त्याची 'खलबतं' झाली आणि ती कटवाल्यांच्या तोंडी गेली. याचं कुणाला दुःख होत नाही, आणि होऊही नये. शब्द बिघडल्याने कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते शब्द हुकूम होऊन परत येतो तेव्हा. त्यासाठी 'जंगल' हा शब्द पाहावा लागेल.

'जंगल' शब्दाचा प्रवास

संस्कृतात 'जाङ्गल' म्हणजे दाट अरण्य नव्हे. आयुर्वेदात भूप्रदेशांचे प्रकार सांगताना जांगल आणि आनूप असे दोन प्रकार समोरासमोर येतात. आनूप म्हणजे पाणथळ, दमट, गर्द झाडीचा देश. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झुडपांचा आणि हरणांचा देश. महाभारतातलं कुरुजांगल ते हेच. या जुन्या अर्थाने पाहिलं तर तीन नद्यांचा, चार महिने पाण्यात असणारा भामरागड जांगल नाहीच. पुढे देशी भाषांत आणि फारसीत हा शब्द झाडीला लागला.

इंग्रजीत तो शिरला १७७६ साली, नॅथॅनिअल हॅल्हेड याच्या हिंदू कायद्याच्या ग्रंथातून. वॉरन हेस्टिंग्जच्या सांगण्यावरून पंडितांनी संस्कृतात संकलन केलं, त्याचं फारसी भाषांतर झालं आणि फारसीवरून हॅल्हेडने इंग्रजी केलं. म्हणजे तीन भाषांची चाळणी. त्यात पडीक जमिनीविषयी लिहिताना, पाच वर्षं लागवडीविना राहिलेली जमीन म्हणजे 'जंगल', असा अर्थ दिला आहे. इंग्रजीतला 'जंगल'चा हा सर्वांत जुना आढळ मानला जातो. म्हणजे तो इंग्रजीत आला झाडं, वाघ किंवा वेलींच्या वर्णनातून नव्हे, तर जमिनीच्या नोंदीतून. ज्यावर नांगर चालत नाही ते जंगल.

आता हा अर्थ घेऊन भामरागडच्या डोंगरउतारावर जा. माडियांची जुनी शेती म्हणजे पेंदा. उतारावरचा एक तुकडा साफ करायचा, तोडलेलं जाळायचं, राखेत कोसरीसारखं धान्य पेरायचं. काही वर्षांनी तो तुकडा सोडून दुसरीकडे जायचं, म्हणजे तिथं झाडी पुन्हा उभी राहील. ती सोडलेली जमीन माडियाच्या लेखी विसावा घेत असते. कोणता तुकडा कोणत्या गावाचा, हे गावाला पक्कं ठाऊक असतं. कागदाच्या लेखी मात्र ती पडीक.

आणि पडीक म्हटलं की पुढचं सोपं असतं. १८७८ चा आणि त्यानंतरचा १९२७ चा भारतीय वन कायदा सरकारच्या मालकीच्या वनजमिनीला किंवा पडीक जमिनीला 'राखीव वन' करण्याचा अधिकार देतो. १९२७ च्या कायद्यात फिरत्या शेतीबद्दल स्वतंत्र कलम आहे. त्यात ती हक्क मानलेली नाही, ती सवलत मानली आहे. सरकार तिच्यावर नियंत्रण आणू शकतं, तिला मर्यादा घालू शकतं, ती बंदही करू शकतं. एका शब्दाचा फरक. हक्क असता तर सरकारला उत्तर द्यावं लागलं असतं. सवलत झाली आणि माडियाच आपल्या डोंगरावर पाहुणा झाला. चांदा जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा जमीनदारींत होता. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांची जंगलंही सरकारजमा झाली. मालक बदलला, शब्द तोच राहिला.

कायदा कुणाचा?

एकदा तालुक्यातल्या काही दहावीच्या मुलांशी इंग्रजीबद्दल बोलणं चाललं होतं. वाक्प्रचारांची यादी पुढे होती. त्यात 'जंगलाचा कायदा' या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ दिला होता, 'बळी तो कान पिळी'. एक माडिया मुलगा बराच वेळ पानाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, पण आमच्या जंगलात असं नसतं."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि गंमत अशी की ज्याने हा वाक्प्रचार जगभर नेला त्याचंही तेच म्हणणं होतं. रुडयार्ड किपलिंगची 'जंगल बुक' ही दोन पुस्तकं १८९४ आणि १८९५ मध्ये निघाली. मोगलीची कथा घडते मध्य प्रांतातल्या सिवनीच्या डोंगरांत, वैनगंगेच्या काठी. तीच वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्यात येते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. चांदा जिल्हाही तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. किपलिंगच्या पुस्तकातला जंगलाचा कायदा म्हणजे अनागोंदी नव्हे. तो शिस्तीचा कायदा आहे. मौजेखातर मारू नये, दुष्काळात पाणवठ्यावर कुणी कुणाची शिकार करू नये, टोळीचं हित आधी पाहावं. किपलिंग साम्राज्याचा भाट होता हे खरं, पण एवढं त्याने नीट लिहिलं. शहरातल्या वाचकांनी त्याचा वाक्प्रचार उलटा केला. बेबंदशाही त्यांच्या गिरण्यांत आणि वसाहतींत होती, तिला नाव दिलं जंगलाचं. आपल्या बातम्यांतही कुठं खून-दरोडे वाढले की 'जंगलराज' येतंच.

त्या मुलाच्या गावात कायदा कसा चालतो? आंब्याला पाड लागला म्हणून कुणी उठून आंबा तोडत नाही. आधी पंडुम होतो, नव्या फळाचा सण. गाव जमतं, देवाला वाहतात आणि मगच ते फळ सर्वांना मोकळं होतं. त्यामुळे कच्ची फळं ओरबाडली जात नाहीत, आणि जो झाडापर्यंत आधी पोचला त्याचंच सगळं, असंही होत नाही. तंटे गावाच्या बैठकीत सुटतात. यात सगळं गोड आहे असं नाही. कुठल्याही समाजासारखे इथंही जाच आहेत, अंधश्रद्धा आहेत. पण 'बळी तो कान पिळी' याला कायदा म्हणावं, अशी रीत माडियांची नाही. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की परीक्षेत यादीतला अर्थ लिही, गुण मिळतील, आणि खरा अर्थ विसरू नकोस.

'गोंड' या नावाचंही असंच. ते बाहेरच्यांनी दिलेलं. अनेक अभ्यासक त्याचा संबंध तेलुगूतल्या 'कोंडा', म्हणजे डोंगर, या शब्दाशी जोडतात. मोगल काळातल्या फारसी ग्रंथांत 'गोंडवाना' येतो. ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी इथल्या खडकांना ते नाव दिलं, आणि १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या एडुआर्ट झ्यूस याने एका प्राचीन महाखंडालाच 'गोंडवाना' म्हटलं. आज जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात ते नाव आहे. पण हे लोक स्वतःला म्हणतात 'कोयतूर'. तो शब्द किती पुस्तकांत सापडतो? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर आहेत, तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. नाव महाखंडाला दिलं, भाषेला जागा दिली नाही.

आपले शब्द, त्यांचे हुकूम

इथं आपल्या, म्हणजे मराठी मुसलमान वाचकांशी थोडं मोकळेपणाने बोलतो. मराठीत अरबी-फारसी शब्द किती आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. जिल्हा, तालुका, तहसील, अर्ज, दावा, हक्क, हुकूम, जमीनदार, यांपैकी एकालाही वगळून सरकारी काम चालत नाही. ते खरं आहे, आणि मराठीला परकेपणाची बाधा झालेल्यांना ते सांगायलाही हवं. पण भामरागडच्या तहसील कचेरीबाहेर कागद घेऊन बसलेल्या माडिया बाईच्या बाजूने पाहा. तिला हे सगळे शब्द वरून आलेले आहेत. त्यातला कोणता बगदादचा, कोणता दिल्लीचा, कोणता पुण्याचा आणि कोणता लंडनचा, याने तिला काय फरक पडतो? वनखात्याचा 'कूप' घ्या. तो संस्कृत विहिरीचा कूप नव्हे, तर झाडतोडीच्या पट्ट्याला म्हणतात तो फ्रेंच शब्द, इंग्रजांमार्फत आलेला. शेजारच्या छत्तीसगड-मध्य प्रदेशात वनाच्या हद्दीवरच्या खांबाला 'मुनारा' म्हणतात, आपल्या मशिदीच्या मिनाराचा सख्खा भाऊ. हद्द आखणाऱ्याचे शब्द सगळ्या जगातून आले. हद्दीच्या आत राहणाऱ्याचा एकही त्यात नाही.

शब्द नेहमी जबरदस्तीनेच आले, असंही नाही. चांद्याच्या गोंड राजांनी 'शाह' हे फारसी बिरुद आपल्या नावापुढे लावलं. देवगडच्या गोंड राजाने इस्लाम स्वीकारला आणि तो 'बख्त बुलंद' झाला. १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं ते त्यानेच. परका शब्द आवडीने घेतला तर तो आपला होतो. अंगावर टाकला तर ओझं होतो.

असं सर्वांत मोठं ओझं म्हणजे 'जबरानजोत'. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा असेल. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वनजमीन कसणाऱ्याला जबरानजोतधारक म्हणतात. 'जबरन' म्हणजे बळजबरीने, 'जोत' म्हणजे नांगरट. आजोबाने कसलेली जमीन नातू कसतो, आणि कागद त्याला म्हणतो बळजबरी करणारा. गंमत पाहा, ज्याच्यावर जबर झाला त्यालाच जबरदस्त ठरवलं. आणि हा शब्द त्यांच्याही तोंडी इतका बसला की लोक स्वतःच अर्जात लिहितात, 'मी जबरानजोतधारक'. देवळालीला निदान कुणी स्वतःच्या अर्जात 'डूलॅली' लिहायला लावलं नव्हतं.

२००६ चा वनहक्क कायदा या शब्दांच्या इतिहासात महत्त्वाचा आहे तो यासाठी. त्याच्या प्रास्ताविकातच म्हटलं आहे की वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. कायद्याने 'सवलत' हा शब्द खोडून 'हक्क' लिहिला. २००९ मध्ये याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला १८०० हेक्टरांहून जास्त वनावर सामूहिक हक्क मिळाला. तिथं आज ग्रामसभा बांबूचा हिशेब ठेवते. भामरागडमध्येही दावे झाले आहेत. कागद अडतात, पुरावे मागितले जातात, एका शब्दाच्या चुकीने फाइल परत येते. पण 'मी घुसखोर नाही, हक्कदार आहे' असं म्हणायला आता कायद्याचा आधार आहे.

अरबीतला 'जब्र' मुळात फक्त बळजबरी नाही. मोडलेलं हाड बसवणं, तुटलेलं पूर्ववत करणं, हाही त्याचा अर्थ आहे. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मीने गणिताचं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातला 'अल-जब्र' म्हणजे समीकरणातली उणीव भरून काढणं. त्यातूनच इंग्रजीचा 'अल्जिब्रा' आला. स्पॅनिशमध्ये तर हाडवैद्यालाच 'अल्हेब्रिस्ता' म्हणत. अल्लाहच्या नावांतलं 'अल-जब्बार' समजावताना उलेमा दोन्ही अर्थ सांगतात, ज्याची सत्ता सर्वांवर चालते तो, आणि मोडलेल्याला सांधतो तो. आपल्या कचेऱ्यांनी त्यातला एकच अर्थ उचलला आणि तोही चुकीच्या माणसाला लावला.

शहराशहरांत आपल्या मोहल्ल्यांना 'मिनी पाकिस्तान' म्हटलं जातं. तिथं राहणाऱ्याला घर भाड्याने मिळताना, नोकरी मागताना, पोलीस चौकीत उभं राहताना त्या दोन शब्दांची काय किंमत मोजावी लागते, हे या वाचकांना मी काय सांगावं? ज्यांनी हे सोसलं आहे त्यांच्या तोंडी तरी 'जंगली' ही शिवी आणि 'गडचिरोलीला पाठवीन' ही धमकी शोभत नाही. 'हॉब्सन-जॉब्सन' ऐकून आपल्याला जे वाटतं, तेच 'जंगलाचा कायदा' वाचून त्या मुलाला वाटलं होतं. भामरागडच्या माणसाशी बोलायची वेळ आलीच, तर तो स्वतःला काय म्हणतो हे आधी त्याला विचारावं, आणि नाव तेच घ्यावं.